बसलेला आवाज
(मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



महिन्यापूर्वी चिटणीसबाईंचा मला फोन आला. "वर्धापनदिनाला आरोग्यावर काहीतरी बोला," असे त्या म्हणत होत्या, पण त्यांचा स्वतःचाच आवाज इतका बसला होता की पहिल्यांदा मला वाटले, त्यांचे यजमानच बोलताहेत. त्या दिवसांत त्या मंगळागौरीच्या खेळांची तालीम घेत होत्या. मी विषय तिथल्या तिथे ठरवून टाकला. आज त्यांचा आवाज खणखणीत आहे, हे आपण प्रास्ताविकात ऐकलेच. मधले आठ दिवस त्यांनी माझ्या सांगण्यावरून मौन पाळले, आणि घरच्या मंडळींना ते फार मानवले अशी बातमी आहे.

तीस वर्षे मी कान, नाक आणि घशाची डॉक्टर म्हणून काम करते आहे. आपणांपैकी पुष्कळजणी माझ्याकडे येऊन गेल्या आहेत, पण कशासाठी? मुलाचा कान फुटला म्हणून, सासूबाईंना ऐकू येत नाही म्हणून, यजमान घोरतात म्हणून. स्वतःचा आवाज बसला म्हणून आलेली बाई मला महिन्यातून एखादीच भेटते, आणि तीही जाता जाता, दाराशी वळून विचारते, "डॉक्टर, माझाही आवाज जरा घोगरा झालाय, काही घ्यायला हवे का?" किती दिवस झाले असे विचारले की उत्तर येते, "होतील की दोन वर्षे."

आता सगळ्याजणींनी एक करायचे आहे. गळ्याच्या पुढच्या बाजूला, मधोमध, दोन बोटे हलकीच टेकवा आणि लांब 'आ' म्हणा. बोटांखाली काहीतरी थरथरते आहे ना? (सभागृहात एवढा सूर लागला, भजनाला यापुढे पेटी नको!) ते आपले स्वरयंत्र. त्यात दोन बारीक पडद्या असतात, त्यांना आपण स्वरतंतू म्हणतो. श्वास घेताना त्या उघडतात आणि बोलताना मिटतात. खालून येणाऱ्या हवेने त्या एकमेकींवर आपटत राहतात आणि त्यातून आवाज निघतो. पुरुषाच्या स्वरतंतूंची लांबी साधारण पावणेदोन ते अडीच सेंटिमीटर. बाईची सव्वा ते पावणेदोन. लांब, जाड तार सावकाश हलते आणि आखूड, बारीक तार भराभर हलते, हे तंबोरा ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको. पुरुष बोलतो तेव्हा या पडद्या सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा आपटतात आणि बाई बोलते तेव्हा दोनशेच्या आसपास. मुलगा तेरा-चौदा वर्षांचा झाला की त्याचे स्वरयंत्र एकाएकी वाढते, तारा लांबतात आणि आवाज फुटतो, तो याच कारणाने. त्याला हसू नये.

दोनशे हा आकडा लहान वाटतो, म्हणून हिशेब करून सांगते. शाळेतल्या बाईंचा आवाज सगळा मिळून एक तास जरी लागला, तरी त्या एका तासात तिच्या स्वरतंतूंची सात लाख वीस हजार वेळा टक्कर होते. त्यात वर्गात साठ मुले, वर पत्रा, शेजारच्या वर्गात पाढे चाललेले, म्हणजे टक्करही जोराची. जात्याच्या खुंट्याने आपल्या आज्यांच्या तळहाताला घट्टे पडत, तसेच घट्टे तिथे पडतात. दोन्ही तंतूंवर समोरासमोर, मोहरीएवढे किंवा त्याहूनही लहान. मग तंतू नीट मिटत नाहीत, फटीतून हवा निसटते आणि आवाज घोगरा होतो. मोठ्या माणसांत हा विकार बायकांना जास्त होतो. लहान वयात मात्र मुलगे पुढे. मैदानावर कोण जास्त किंचाळते हे आपण जाणताच.

माझ्याकडे अशाच एक शिक्षिका आल्या होत्या. वय चौतीस. सकाळी आवाज बरा असे, दुपारपर्यंत जाई आणि शनिवारी फळ्यावर लिहूनच शिकवायची पाळी येई. "गाठी आहेत" असे मी म्हणताच त्यांचा चेहरा पांढराफटक पडला, तेव्हापासून मी तो शब्द वापरायचे सोडले आणि घट्टे म्हणू लागले. हे घट्टे कर्करोग नव्हेत आणि त्यांतून कर्करोग होतही नाही. बहुतेकींना शस्त्रक्रियाही लागत नाही. वाणी-उपचार शिकवणाऱ्या तज्ज्ञ बाईंकडे त्या तीन महिने गेल्या, पोटातून श्वास घेऊन बोलायला शिकल्या, कमरेला लावायचा छोटा ध्वनिवर्धक घेतला, आणि वर्गाला गप्प करायला ओरडण्याऐवजी टेबलावर डस्टर आपटू लागल्या. घट्टे गेले. शस्त्रक्रिया करून घट्टे काढले आणि ओरडण्याची सवय तशीच ठेवली, तर ते पुन्हा येतात. कारण तो दोष घशाचा नव्हे, बोलण्याच्या पद्धतीचा असतो.

सर्दी-पडशाने आवाज बसतो, तो तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. स्वरतंतूंना सूज येते आणि आठ-पंधरा दिवसांत ती आपोआप उतरते. त्यासाठी दुकानदाराला विचारून अँटिबायोटिक घेऊ नये. हा आजार बहुधा विषाणूंचा असतो, त्यांच्यावर ते चालत नाही. कमी बोलावे, पाणी प्यावे, वाफ घ्यावी. आणि आवाज बसला म्हणून जोर लावून कुजबुजू नये. त्यानेही ताणच पडतो. बोलायचेच असेल तर हलक्या, साध्या आवाजात बोलावे.

आता घरगुती औषधांविषयी. ज्येष्ठमध, खडीसाखर, लवंग, हळदीचे दूध, मिठाच्या गुळण्या, ही औषधे मीही घेते. त्यांनी घशाला बरे वाटते आणि खवखव थांबते. पण भगिनींनो, ती स्वरतंतूंपर्यंत पोचत नाहीत. आपण गिळतो ते सारे मागच्या अन्ननलिकेने खाली जाते, आणि त्या वेळी स्वरयंत्र आपले दार घट्ट लावून बसते. चुकून पाण्याचा एक थेंब जरी तिकडे गेला तर काय होते? ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येते आणि कोणीतरी म्हणते, "आठवण काढली." तेव्हा ज्येष्ठमध चघळल्याने तंतूंवरची सूज किंवा गाठ विरघळेल हे संभवत नाही. वाफ तेवढी श्वासावाटे तिथे पोचते. आणि ज्येष्ठमध रोज पुष्कळ खाल्ल्याने रक्तदाब वाढतो, हेही रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

या ज्येष्ठमधाची माझ्या घरची एक गोष्ट आहे. ती सभेत सांगावी की नाही याचा मी पुष्कळ विचार केला. आईच्या हयातीत सांगितली नसती.

माझे वडील वाईच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. ध्वनिक्षेपकावरून गाड्या पुकारायचे काम त्यांच्याकडे असे. आवाज असा भरदार की स्टँडबाहेर रसवंतीत बसलेला माणूस पेला खाली ठेवून गाडी धरायला पळे. आम्ही त्यांना अप्पा म्हणत असू. अप्पांना विडीचे व्यसन होते, दिवसाला एक कट्टा तरी लागेच. १९८५ च्या दिवाळीनंतर त्यांचा आवाज बसला. कोणाला काही वाटले नाही. दिवाळीची गर्दी, जादा गाड्या, दिवसभर ओरडणे, बसणारच आवाज! आईने ज्येष्ठमध उगाळून मधातून द्यायला सुरुवात केली. चार दिवस बरे वाटे, पुन्हा तेच. स्टँडवरचे लोक चेष्टा करीत, "कंट्रोलरसाहेब, गाडीला ऑईल घाला." अप्पाही हसत.

मी त्या वेळी वैद्यकीय महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होते. संक्रांतीला घरी आले. जेवताना अप्पा माझ्याशी बोलले आणि तो घोगरा आवाज मी दोन फुटांवरून ऐकला. स्वरयंत्राच्या नसांची नावे मला तेव्हा मुखोद्गत होती; त्याच पाठांतरावर मी परीक्षेत चांगले गुण मिळवले होते. आणि मी काय म्हटले असेल? "अप्पा, विड्या कमी करा." एवढे म्हणून मी आईच्या हातची गुळाची पोळी मागून घेतली.

मे महिन्यात त्यांचा उजवा कान दुखू लागला. कानात पाहिले तर काही नाही. कानात तेल घातले, शेक दिला. घशाच्या दुखण्याची कळ कानात येते, हे मला पुढे पुस्तकात सापडले. जूनमध्ये जिना चढताना श्वासाला शिटीसारखा आवाज येऊ लागला, तेव्हा कोठे आम्ही त्यांना पुण्याला नेले. तिथल्या डॉक्टरांनी घशात आरसा धरून पाहिले आणि आम्हां मायलेकींना बाहेर बोलावून एकच प्रश्न विचारला, "आवाज कधीपासून असा आहे?" आई म्हणाली, "दिवाळीपासून." ते काही बोलले नाहीत. आईने मात्र बोटांवर महिने मोजले, ते मी पाहिले.

ऑगस्ट १९८६ मध्ये मुंबईला त्यांचे स्वरयंत्र काढून टाकले. मानेच्या पुढच्या बाजूला, खाली, श्वासासाठी एक भोक राहिले. आपण तोंडाने श्वास सोडतो याचे आपल्याला किती उपयोग आहेत, ते तेव्हा कळले. त्यांना चहा फुंकता येईना, देवापुढची उदबत्ती विझवता येईना. फोडणीचा वास येईना. आई बशीत चहा ओतून, हालवून, निववून देई. बोलण्यासाठी पाटी आली. अप्पा लिहीत आणि आई मोठ्याने वाचून दाखवी. पुढे पुढे तर ते लिहून पुरे होण्याआधीच ती वाचू लागे, आणि चुकली की ते पाटीवर खडू आपटत. मग एका शिक्षकांकडून ते हवा गिळून, ढेकरीच्या हवेवर शब्द काढायला शिकले. ही विद्या फार कष्टाची, पण साधली की माणूस बोलतो. त्यांना पुरती साधली नाही. दहा-वीस शब्द आले. पहिल्या दिवशी आम्हां सर्वांना समोर बसवून त्यांनी काय म्हणावे? "फलाट नंबर दोन!"

अकरा वर्षे ते जगले. १९९७ साली गेले, तेही हृदयविकाराने. पण आईच्या मनातून ज्येष्ठमध गेले नाही. "मी सात महिने सहाण घेऊन बसले," असे ती म्हणे. मी तिला पुष्कळदा सांगितले, अगं, तुला काय ठाऊक असणार? ठाऊक असायला हवे होते ते मला, आणि मी पोळी खात होते. ती ऐकून घेई. तिला ते पटले असे मला कधी वाटले नाही.

हे मी रडवण्यासाठी सांगितले नाही. स्वरतंतूंचा कर्करोग हा कर्करोगांमध्ये त्यातल्या त्यात सरळ आहे. पोटातला, फुप्फुसातला आजार महिनोन्महिने कळत नाही. हा मात्र कणभर असतानाच आवाज बिघडवतो. शिवाय या तंतूंमध्ये रसवाहिन्या फार थोड्या, म्हणून तो लवकर पसरत नाही. तंतूपुरताच असताना सापडला तर किरणोपचाराने किंवा लेसरने शंभरांतील नव्वदच्या आसपास रोगी बरे होतात, आणि आवाजही राहतो. किरणोपचार १९८६ सालीही होते. संक्रांतीला जरी आम्ही अप्पांना नेले असते, तरी त्यांचे स्वरयंत्र वाचण्याची पुष्कळ आशा होती.

हा आजार पुरुषांत कितीतरी अधिक. विडी-सिगरेट हे मुख्य कारण, आणि जोडीला दारू असली तर धोका बेरजेने नव्हे, गुणाकाराने वाढतो. म्हणून आपल्याला वाटेल, हे व्याख्यान पुरुषांच्या सभेत द्यायला हवे होते. मी दिले आहे. ते ऐकतात, टाळ्या वाजवतात आणि बाहेर जाऊन विडी पेटवतात. माणसाला स्वतःचा आवाज बदललेला लवकर कळत नाही. तो रोज ऐकणाऱ्या बायकोला कळतो. माझ्याकडे वेळेवर आलेल्या पुरुषांपैकी बहुतेकांना कोणा ना कोणा बाईने ढकलून आणलेले असते. आणि मिश्री लावणाऱ्या भगिनींनीही आपण यातून सुटलो असे समजू नये. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच, आणि तोंडाच्या कर्करोगाला ती पुरते.

बायकांच्या घोगरेपणाची आणखी काही कारणे आहेत. फोन उचलला की "साहेब, मॅडम आहेत का?" असे विचारले जाते, म्हणून एका बाईंनी फोन घेणेच सोडले होते. आवाज जाड झालेला, अंग जड, थंडी सोसेना, केस गळतात, बद्धकोष्ठ. घरच्यांच्या मते हे सगळे "वयामुळे". रक्ताची साधी तपासणी केली तर थायरॉईड ग्रंथीचे काम मंदावलेले निघाले. रोज सकाळी एक गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत फोन पुन्हा त्यांच्या हातात आला. आता बिल यजमानांना जड जाते, तो भाग वेगळा. पाळी थांबल्यावर आवाज थोडा खाली उतरतो, तो मात्र आजार नव्हे. गर्भाशयाच्या अस्तराच्या एका विकारावर डॅनाझॉल नावाचे औषध देतात, त्याने बाईचा आवाज पुरुषी होऊ शकतो आणि औषध थांबवल्यावरही तो कधी कधी परत येत नाही. असे औषध चालू असताना आवाज जाडावला तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे.

दम्याचा पंप घेणाऱ्यांचा आवाज बसतो; पंप घेतल्यावर चूळ भरावी, गुळण्या कराव्यात, पंप मात्र आपल्या मनाने बंद करू नये. रात्री उशिरा जेवून लगेच आडवे होणाऱ्यांच्या घशाशी आंबट येते, सकाळी आवाज जड असतो आणि सारखे खाकरावे लागते. जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. पण हल्ली प्रत्येक घोगऱ्या आवाजाला "ॲसिडिटी" म्हणून गोळ्या सुरू होतात, ते मला मान्य नाही. आधी घसा पाहावा.

कारण आवाजाचे दुखणे कधी कधी घशात नसतेच. डाव्या स्वरतंतूला हलवणारी नस मेंदूकडून निघते, गळ्यावरून सरळ छातीत उतरते, तिथे महारोहिणीला खालून वळसा घालते आणि पुन्हा वर घशात येते. पुण्याहून साताऱ्याला जायचे आणि वाटेत कोल्हापूर करून यायचे, तशातला प्रकार. वाटेत कोठेही तिच्यावर दाब आला की तंतू लुळा पडतो. एका चाळीस वर्षांच्या बाईंचा घसा अगदी स्वच्छ होता, पण डावा तंतू जागचा हलत नव्हता. शोध घेतला तर लहानपणच्या सांधेतापाने हृदयाची झडप अरुंद झालेली, हृदयाचा कप्पा फुगलेला आणि त्याच्या दाबात ती नस सापडलेली. फुप्फुसातल्या गाठीने, क्षयाने, थायरॉईडच्या शस्त्रक्रियेनंतरही असे होते.

आता तुम्ही विचाराल, एवढी कारणे आम्ही ओळखायची कशी? ओळखूच नका. तीस वर्षे आवाज ऐकून मलाही नुसत्या कानाने ओळखता येत नाही. घट्ट्याचा घोगरेपणा आणि कर्करोगाचा घोगरेपणा ऐकायला सारखाच लागू शकतो. तो पाहावा लागतो. गंमत म्हणजे जिवंत माणसाचे बोलणारे स्वरतंतू नीट पाहून त्यांचा अभ्यास पहिल्यांदा एका गानशिक्षकाने केला. मानुएल गार्सिया हे त्यांचे नाव. १८५४ साली दातांच्या डॉक्टरांचा छोटा आरसा आणि उन्हाचा कवडसा एवढ्या सामग्रीवर त्यांनी स्वतःचाच घसा पाहिला. आज आम्ही बारीक दुर्बिणीने पडद्यावर पाहतो. पाच-दहा मिनिटे लागतात, भूल लागत नाही, रुग्णाला स्वतःचे तंतूही दिसतात. थोडे ओकल्यासारखे होते, त्यापलीकडे काही नाही.

तीन आठवड्यांत उतरला नाही तो आवाज दाखवावा. तंबाखू ओढणाऱ्या माणसाचा असेल, बरोबर गिळताना दुखत असेल, कान दुखत असेल, थुंकीत रक्त असेल, मानेत गाठ लागत असेल किंवा श्वासाला आवाज येत असेल, तर तीन आठवडेही थांबू नये. खोकला आणि बारीक ताप असेल तर थुंकीही तपासून घ्यावी.

आमच्या जिल्हा रुग्णालयात आणि वैद्यकीय महाविद्यालयांत ही तपासणी होते. खासगी दवाखान्यातच जायला हवे असे नाही.

माझा वेळ संपल्याची खूण अध्यक्षीणबाई मघापासून करताहेत. आता प्रश्न असतील ते विचारावेत. फक्त मागच्या रांगेतल्या भगिनींनी ओरडून विचारू नये. चिठ्ठ्या पुढे पाठवाव्यात, मी वाचून उत्तरे देईन.